तोंडावरचे दाणे

पुंडलिकनगर,
२ ऑक्टोबर २०२४

प्रेरणा,

नावाआधी ‘चि.’ लिहायचं की नाही यात दहा मिनिटं गेली. शेवटी नाहीच लिहिलं.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या भाऊजींचा नाही केलास, हेही मला माहीत आहे. नाशिकचा पत्ता आईकडून काढला. आईला वाटलं, थोरलीला धाकटीची आठवण आली. तिला तसंच वाटू दे.

हे पत्र मी तुला माफ करायला लिहितेय. आज दिवस त्याला बरा आहे. विशूला शाळा नाही, ती गॅलरीत एकटीच खेळतेय. तुझे भाऊजी जादा पाळी लावून वाळूजला गेलेत. मधे बोलणारं कुणी नाही.

माफ करण्याआधी काय माफ करतेय ते तुला कळायला पाहिजे. तू गेलीस तेव्हा माझ्या हनुवटीवर तीन दाणे होते. आज सकाळी आरशात मोजले, एकोणीस भरले. साबुदाण्याएवढे, चकचकीत, आणि प्रत्येकाच्या मधोमध टाचणी टोचल्यासारखी खाच. एक डाव्या पापणीवर आलाय, डोळा मिटला की टोचतो. विशूच्या पोटावर होते तेच हे, फक्त तिचे मोहरीएवढे होते आणि माझे थांबायचं नाव घेत नाहीत.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोलस्कम नावाचा विषाणू आहे, पोरांना सर्रास होतो. पोहण्याच्या तलावात होतो, एकमेकांचा टॉवेल वापरून होतो, आणि वर्ष-दीड वर्षात आपोआप जातो. मी विचारलं, माझे कधी जातील? त्या माझी फाइल चाळत बसल्या. किडनी बदललेल्या माणसाला रोज ज्या गोळ्या खाव्या लागतात, त्या अंगाची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. न दाबावी तर अंग परकी किडनी ओळखतं आणि तिला मारून टाकतं. म्हणून लहान पोरांचा हा फालतू आजार माझ्या तोंडावर ठाण मांडून बसलाय. थोडक्यात, तुझी किडनी जगावी म्हणून माझं तोंड नासतंय. बाई असं म्हणाल्या नाहीत, मी म्हणतेय.

तू काय म्हणशील तेही मला पाठ आहे. मे महिन्यात विशू पोहायला शिकून तो रोग घेऊन आली, त्या दिवसापासून तू तिचा टॉवेल वेगळा केलास, अंथरूण वेगळं केलंस, साबणसुद्धा वेगळा. तिला माझ्या खोलीचा उंबरा ओलांडू द्यायची नाहीस. येणारा-जाणारा म्हणायचा, काय काळजी घेते बहीण. आधी किडनी दिली, वर दीड वर्ष घर सांभाळलं, पोरीला न्हाऊमाखू घातलं. विशू पडली की ‘मावशी’ म्हणून रडायची. मी पलंगावरून ऐकायची.

मग एवढ्या काळजीवालीच्या राज्यात मला हे झालंच कसं? नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आई-बाबांच्या समोर विशूनंच सांगितलं ना, मावशी मला आईजवळ झोपवून भाजी आणायला जायची म्हणून. सात वर्षांचं लेकरू कशाला खोटं बोलेल? बाबांनी मान खाली घातली. तू विशूकडं एकदा बघितलंस आणि बॅग भरलीस. मी तुला जा म्हटलं नव्हतं. एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेऊ नये, एवढंच म्हटलं होतं.

तर मी माफ केलंय. आता परत ये. घराची दशा झाली आहे, आणि विशूच्या वेण्या मला घालता येत नाहीत. मी फणी घेतली की ती मान आखडून घेते.

मनकर्णा


१० नोव्हेंबर २०२४

प्रेरणा,

उत्तर नाही. दिवाळीला गावीही आली नाहीस. आई म्हणत होती, प्रेरणाला सुट्टी मिळाली नाही. नाशिकच्या कुठल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला दिवाळीची सुट्टी नसते, ते मी तिला विचारलं नाही. बघ, तुझी अब्रू मी अजून राखते.

दिवाळीआधी डॉक्टरीणबाईंनी दाणे खरवडून काढले. आतून भातासारखं पांढरं निघतं. आठ दिवस तोंडावर खपल्या घेऊन बसले आणि नवव्या दिवशी खपलीच्या शेजारी नवे उगवले. मग थंड वाफेनं जाळले, तरी तेच. आता मी मोजायचं सोडलंय. कपाळ भरलंय, गाल भरलेत, नाकपुडीजवळ एक बोराच्या बीएवढा झालाय. लक्ष्मीपूजनाला मी तोंडावर ओढणी घेऊन बसले. तुझे भाऊजी म्हणाले, घरात कोण बघतंय? ते स्वतः मात्र समईकडं बघून बोलत होते.

मी किडनीच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, गोळ्या थोड्या कमी करता येतील का? ते म्हणाले, जे बदलण्यासारखं होतं ते बदलून झालंय, याच्या खाली गेलो तर किडनी जाईल. आणि वर मला समजावायला लागले की ताई, बहिणीनं एवढी मोठी गोष्ट दिलीय, चार पुळ्यांसाठी तिला पणाला लावता का? त्यांच्या टेबलावर मला डोकं आपटावंसं वाटलं. तिकडंही तूच.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, तेव्हापासून मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. मी ‘जिला बहिणीनं किडनी दिली ती’ आहे. द्यायला आई तयार होती. तपासण्याही झाल्या होत्या तिच्या. तूच मधे पडलीस, आईचं वय झालंय, तिला नको, माझी घ्या. त्यापायी तुझं पैठणचं ठरलेलं लग्न मोडलं. एका किडनीची सून नको म्हणाले ते. तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं. भांडली असतीस, रडली असतीस, तर मला तुझ्यावर चिडता तरी आलं असतं. तू गुपचूप माझ्या घरी येऊन माझ्या पोरीच्या वेण्या घालायला लागलीस.

आणि ती सुईची गोष्ट तू आईला सांगितलीस ना? तिनं फोनवर आडून विचारलं. हो, विशूचे दाणे मी सुईनं फोडले. चामखीळ असो की काही असो, आपल्याकडं सुईनं टोचून वर चुना लावतात, आजीनं तुझ्यामाझ्या मानेवरचे असेच काढले होते. तू भाजीला गेलीस की मी विशूला हाक मारायची. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची. मावशी ओरडेल म्हणायची. माझ्या पोरीला माझ्या खोलीत यायला तुझी परवानगी! मी तिला मांडीवर घेतलं, फ्रॉक वर केला, एकेक दाणा फोडला, माझ्याच टॉवेलनं पुसलं. चार-पाच दुपारी. सुई उकळून घेतली होती. तिला दुखलं, पण ती रडली नाही, माझ्या गळ्यात पडून राहिली. दीड वर्षात पहिल्यांदा.

म्हणून काय त्यानंच झालं असं नाही. एका घरात राहिल्यावर कशानंही होतं.

मनकर्णा


३१ जानेवारी २०२५

प्रेरणा,

हे तू वाचच.

समोरच्या सोमनाथ भाऊजींच्या घरी काल संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी जाणार नव्हते. त्यांची बायको स्वतः बोलवायला आली, म्हणून गेले. इरकल नेसले, तोंडाला पावडर लावली, आणि विशूला सोबत घेतलं. तिचं अंग आता लख्ख झालंय. पोटावर एक डागसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसे तिचे आपोआप गेले.

पंधरा-वीस बायका होत्या. सोमनाथ भाऊजींची बायको एकेकीच्या कपाळाला बोट टेकवत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. बोटावर कुंकू होतं. तिनं माझ्या कपाळावर रिकामी जागा शोधली, अगदी शोधली बघ, आणि सापडली नाही. मग तिनं बोट पदराला पुसलं, आत जाऊन वर्तमानपत्राचा कपटा आणला, त्यात चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू बांधून माझ्या हातावर ठेवलं. ठेवलं कसलं, वरून टाकलं. म्हणाली, “ताई, घरी गेल्यावर लावून घ्या, इथं धक्का लागायला नको.” सगळ्या बायका आपापल्या वाणाच्या वाट्या बघायला लागल्या.

नवरा जिवंत आहे माझा. धडधाकट आहे. तरी कुंकू मला पुडीत घालून दिलं.

मी ते गिळलं. खरं सांगते, गिळलं असतं. घरी आले, पुडी सोडली, आणि विशूला म्हटलं, ये, आईला कुंकू लाव. तिनं दोन्ही हात मागं घेतले. म्हणाली, “मावशीनं सांगितलंय, हात नाही लावायचा.”

सहा महिने झाले तुला जाऊन. तुझा शब्द अजून या घरात चालतो.

मी तिच्या कानाखाली वाजवली. ती रडली नाही. आता ती कशालाच रडत नाही. जेवते, शाळेत जाते, विचारलं तेवढं बोलते. बाईंनी वहीत लिहून पाठवलंय की वर्गात बोलत नाही. मी वहीवर सही करून टाकली.

कुंकू माझं मी लावलं. दोन दाण्यांच्या मधे बसत नव्हतं, म्हणून त्यांच्यावरच लावलं. मग गोळ्यांचा डबा उघडला. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोळ्यांच्या खणांवर तुझ्याच हातानं नावं लिहून चिकटवलेली आहेत. मी ती बराच वेळ बघत बसले. ठरवलंय काहीतरी. पुढचं पुढं.

मनकर्णा


२० मार्च २०२५

प्रेरणा,

पडायला लागले!

आधी सगळे दाणे लाल झाले, सुजले, खाजायला लागले. मला वाटलं आता हे आणखी वाढतायत. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि खूश झाल्या. म्हणाल्या, अंगानं आता रोगाशी झगडायला सुरुवात केली, हे चांगलं लक्षण. मग त्यांनी विचारलं, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? मी म्हटलं, चालू आहेत.

गाल जवळजवळ साफ झालेत. कपाळावर सहा राहिलेत. परवा गुलमंडीत साडी बघायला गेले आणि दुकानदारानं माझ्या तोंडाकडं बघून, माझ्या डोळ्यांत बघून, कुठला रंग दाखवू म्हणून विचारलं. एवढ्यानं मला हुंदका आला. तुला नाही कळायचं.

तुला सांगायला काय हरकत आहे? तुझं कुणी ऐकत नाही. फेब्रुवारीपासून मी संध्याकाळची गोळी घेत नाही. मार्च लागल्यापासून सकाळचीही अर्धीच घेते. उरलेली मोरीत जाते. रिकामी पाकिटं डब्यात जिथल्या तिथं असतात, कारण तुझे भाऊजी पाकिटं बघतात, मला बघत नाहीत. रक्त तपासायच्या आधी चार दिवस नीट घेते. मागच्या वेळी तपासायला गेलेच नाही, गेले म्हणून सांगितलं.

मला काय होतंय ते मला कळतं. मी अडाणी नाही. पाय जरा सुजलेत, पण मार्चचं ऊन आहे. जेवण जात नाही, तेही उन्हानंच.

मी मुद्दाम करत नाही, असं म्हणणार होते. पण तुझ्याशी खोटं बोलायचा आता कंटाळा येतो. मला तोंड पाहिजे होतं हे खरं. पण मोरीत पाणी सोडताना दुसरंही एक बरं वाटतं. वाटतं, हे तरी माझं मी करतेय. कुणाला विचारून नाही, कुणाच्या मेहेरबानीनं नाही. गेली दोन वर्षं लघवीला गेले तरी तुझे आभार मानल्यासारखं वाटायचं.

आणखी एक सांगून टाकते. नागपंचमीला विशूनं जे सांगितलं ते मी तिच्याकडून तीन दिवस पाठ करून घेतलं होतं. पहिल्यांदा ती नाही म्हणाली. मग मी तिला म्हटलं, तुझ्या अंगावरचे दाणे आईला लागलेत, तुझ्यामुळं आई मरणार आहे. मावशीमुळं झालं असं सांगितलंस तर तुझ्यामुळं झालं असं कुणी म्हणणार नाही. सात वर्षांचं लेकरू. तिनं चटकन पाठ केलं. एक शब्द चुकली नाही.

तू तिच्याकडं बघितलंस तेव्हाच तुला कळलं होतं. तरी बोलली नाहीस. पोरीला खोटं पाडायचं नव्हतं तुला. तुझा हा चांगुलपणा मला सहन होत नाही, प्रेरणा. कधीच झाला नाही.

मनकर्णा


८ जून २०२५

प्रेरणा,

हे रजिस्टर करून पाठवतेय, सही करून घ्यावं लागेल.

किडनी गेली. एप्रिलच्या शेवटी श्वास लागला, अंगभर सूज आली, उचलून दवाखान्यात नेलं. पंधरा दिवस सगळे उपाय झाले. डॉक्टर म्हणाले, अंगानं तिला नाकारलं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-चार तास मशीनला बांधून ठेवतात. पाण्याचा घोट मोजून. या उन्हाळ्यात.

माझं तोंड मात्र स्वच्छ आहे. मशीन लावणारी नर्स परवा म्हणाली, ताई, तुमची स्किन किती छान आहे.

का गेली, ते कुणाला माहीत नाही. गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी विचारलं. तुझे भाऊजी माझ्या बाजूनं शपथेवर बोलले, रिकामी पाकिटं दाखवली. गावात आणि नात्यात काय चाललंय ते ऐक. म्हणतात, धाकटीची किडनी कच्ची निघाली. मनात नसताना दिलेलं अंगी लागत नाही म्हणतात. दिली तेव्हाच हिच्या मनात काळं असणार. बाबासुद्धा काही बोलत नाहीत. मी खोडलं नाही. खोडायला श्वास लागतो.

मार्चचं पत्र तुला मिळालं होतं. त्याच दिवशी तू डॉक्टरांना किंवा तुझ्या लाडक्या भाऊजींना एक फोन केला असतास तर ती वाचली असती. डॉक्टरच म्हणाले, महिनाभर आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. तू फोन केला नाहीस. म्हणजे आपण दोघींनी मिळून मारली. हे मला एकटीच्या बोकांडी नको.

आता मुद्द्याचं. आई तिची किडनी देतेय. तुझ्या सांगण्यावरून मागच्या वेळी जी मागं सरली, ती आता ऐकत नाही. अठ्ठावन्न वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे, तरी डॉक्टर हो म्हणाले. जुळलंय सगळं. ऑगस्टमध्ये ऑपरेशन. तिला टेबलावर घेऊ नये म्हणून तू तुझं लग्न मोडून घेतलंस, आणि आता ती चढणारच आहे.

तुझ्या हातात माझी चार पत्रं आहेत. हे पाचवं. त्यात सगळं माझ्या अक्षरात आहे. ही आईला दाखवलीस तर ती देणार नाही. डॉक्टरांना दाखवलीस तर ते करणार नाहीत. मग मी किती दिवस काढीन ते मशीन ठरवेल, आणि तू मला मारलंस असं होईल. नाही दाखवलीस, तर आई पोट फाडून घेईल, आणि तुला माहीत असून तू तिला जाऊ दिलंस असं होईल. बघ, काय करतेस.

तू विचारशील, मग मी हे लिहिलंच कशाला? गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. खरंय. पण तुझा उपकार मी दोन वर्षं पोटात वागवला. आता हे तू वागव. मला बघायचंय, तू कशी वागवतेस.

विशूला गावी पाठवलंय आईकडं. डायलिसिस आणि पोर दोन्ही होत नाही. तिनं जाताना मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मनकर्णा


गाव,
१४ जून २०२५

मनूताई,

पाचही पत्रं मिळाली. पहिल्या पत्राच्या चार ओळी वाचल्या होत्या, तेवढ्या पुरल्या. पुढची तीन न फोडता ट्रंकेत टाकली होती. मार्चचं पत्र मी जूनमध्ये फोडलं, तुझं रजिस्टर आल्यावर. तू म्हणतेस ते बरोबर आहे. तेव्हा फोडलं असतं तर ती वाचली असती. ते मी वागवीन, तू काळजी करू नको.

पण बाकीचं मी एकटी वागवणार नाही. बुधवारी मी गावी आले. आईला वाचता येत नाही, म्हणून ओट्यावर बसून पाचही पत्रं पहिल्यापासून मोठ्यानं वाचली. आई होती, बाबा होते. विशू तांदूळ निवडत बसली होती. तिला मी आत पाठवलं नाही. मुद्दामच पाठवलं नाही. सुईचं वाचलं, तेव्हा तिनं मान वर केली. नागपंचमीचं वाचलं, तेव्हा ताट खाली ठेवलं. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, “मावशी, म्हणजे आईला माझ्यामुळं नाही ना झालं?” मी म्हटलं, नाही. मग ती रडली. दोन तास रडली. ताई, दहा महिने ते लेकरू ते घेऊन फिरत होतं.

बाबा उठून शेताकडं गेले, ते दिवे लागल्यावर आले. भाऊजींना मी फोनवर मार्चचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, डॉक्टरांना मी सांगतो. सांगितलंयही. डॉक्टर तुला विचारतील, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं पाठवतील, आणि मग ठरवतील. खोटं बोलू नको.

आई काल सकाळी चुलीपुढून बोलली. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण तिनं तसंच लिही म्हणून सांगितलंय.

“तिला म्हणावं, डॉक्टर घेतील तर किडनी मी देते. पोटची हाय, मरू देऊ व्हय? पण पोर देणार नाय. विशू हितंच राहील. मनूनं तिला बघायला यायचं नाय, आन्‌ मला दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटंवर टाकायचं नाय.”

मी विचारलं, आई, अजून विचार कर. ती म्हणाली, झाला करून.

भाऊजींनी होकार दिलाय. सोमवारी शाळा उघडते. विशूचा शाळा सोडल्याचा दाखला ते त्याच दिवशी आणून देतील, त्यावर आईची सही लागत नाही, बापाची चालते. तिचे युनिफॉर्म पाठवू नको, इथले वेगळे आहेत.

प्रेरणा